ठेका त्यांचा, सूर आपला

नाचाच्या गाण्याला वडीलधाऱ्यांनी नाक मुरडावे आणि तरुणांनी त्याच गाण्यावर घाम निथळेपर्यंत नाचावे, हा क्रम आजचा नव्हे. फडावर रात्र रात्र गाजणाऱ्या लावणीला सभ्यांच्या दिवाणखान्यात पाऊल टाकावयास किती काळ तिष्ठत राहावे लागले, हे मराठी वाचकांस सांगावयास नको. गाणे नाचासाठी आहे एवढे कळले की ते हलके ठरविण्याची घाई समीक्षकास होते. आणि गाणे खपते एवढे कळले की ते थोर ठरविण्याची घाई व्यापाऱ्यास होते. या दोन घायांच्या ओढाताणीत गाण्याविषयी जे खरे विचारावयास हवे ते विचारावयाचे राहून जाते. अमेरिकेतील ‘ब्लॅक आइड पीज’ या गायकसंचाच्या ‘मंकी बिझनेस’ या २००५ सालच्या ध्वनिमुद्रिकेच्या निमित्ताने ही ओढाताण जगाने पाहिली. त्या गोष्टीला आता वीस वर्षे उलटून गेली आहेत. धुरळा खाली बसला आहे. तेव्हा शांतपणे हिशेब मांडावयास हरकत नाही. परक्या देशातील नाचाच्या गाण्यांचा हिशेब आम्ही गोमंतकात बसून का मांडावा, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर पुढे येईलच. तूर्त एवढेच सांगतो, की त्या ध्वनिमुद्रिकेतील सर्वांत गाजलेल्या गीतांपैकी एकाचे मूळ आपल्या घरात आहे.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. हा संच लॉस एंजेलिसचा. विल.आय.ॲम या नावाने गाणारा विल्यम ॲडम्स, टॅबू या नावाने ओळखला जाणारा हायमे गोमेझ आणि फिलिपिन्समधून किशोरवयात अमेरिकेत आलेला ॲलन पिनेडा हे त्याचे तिघे जुने घटक. त्यांच्या १९९८ आणि २००० सालच्या पहिल्या दोन ध्वनिमुद्रिका जाणकारांनी वाखाणल्या, परंतु बाजारात त्यांचा फारसा गवगवा झाला नाही. २००३ मध्ये ‘एलिफंक’ निघाली. स्टेसी फर्ग्युसन ऊर्फ फर्गी ही गायिका तिच्यापासून संचात सामील झाली आणि नशिबाचा फासा पालटला. त्या ध्वनिमुद्रिकेतील ‘व्हेअर इज द लव्ह?’ हे गीत दहशतवाद, युद्ध आणि वर्णद्वेष यांनी विटलेल्या मनाचा प्रश्न होता. ब्रिटनमध्ये २००३ साली सर्वांत अधिक खपलेले एकल गीत तेच ठरले. त्यानंतर जून २००५ मध्ये अमेरिकेत ‘मंकी बिझनेस’ विक्रीस आली. ‘बिलबोर्ड’च्या यादीत ती थेट दुसऱ्या क्रमांकावर चढली, तिच्या वर त्या आठवड्यात ‘कोल्डप्ले’ या ब्रिटिश संचाची ध्वनिमुद्रिका तेवढी होती. जस्टिन टिंबरलेक, स्टिंग, जॅक जॉन्सन आणि साक्षात जेम्स ब्राऊन असे पाहुणे तिच्यात गायले. बोलून म्हटलेले रॅप, पायाला थारा न देणारा ठेका आणि जुन्या गाण्यांतून उचललेल्या लकबी यांचे हे मिश्रण उघड उघड मेजवानीसाठी, नाचासाठी केलेले होते. त्याविषयी कर्त्यांनी कोणताही आडपडदा ठेवला नव्हता.

समीक्षकांचा कौल संमिश्र होता, आणि त्यातही नापसंतीचा सूर वरचढ होता. त्यांच्या आक्षेपांचे सार काढले तर तीन कलमे हाती येतात. पहिले कलम असे, की शब्द पोकळ आहेत. गाणे संपल्यावर मनात काही उरत नाही. दुसरे असे, की ज्यांनी दोनच वर्षांपूर्वी जगाला प्रेमाचा प्रश्न विचारला त्यांनी आता गल्ल्याकडे डोळे लावले. हा स्वत्वाचा विक्रय होय. आणि तिसरे असे, की यांच्यापाशी स्वतःचे थोडे आणि उसने फार. एका गीतात डिक डेल याने १९६२ साली गिटारवर गाजविलेली ‘मिझर्लू’ची धून, दुसऱ्यात स्टिंगचेच जुने गाणे, तिसऱ्यात हिंदी चित्रपटसंगीत. ठिगळांची गोधडी अंगावर घेऊन शालजोडीचा डौल मिरवावा, तसा हा प्रकार आहे, असा त्या टीकेचा मथितार्थ होता.

श्रोत्यांनी मात्र टीकेची पर्वा केली नाही. ध्वनिमुद्रिका लाखांनी खपली. तिच्यातील ‘डोन्ट फंक विथ माय हार्ट’ आणि ‘माय हम्प्स’ ही दोन्ही गीते अमेरिकेच्या मुख्य यादीत तिसऱ्या क्रमांकापर्यंत पोचली. एवढ्यावर भागले नाही. ज्यांना या धंद्यातील माणसे, म्हणजे गायक, वादक, संगीतकार, ध्वनिमुद्रक मते देतात, त्या ग्रॅमी पारितोषिकांतही या दोन गीतांना मान मिळाला. पहिल्याला २००६ मध्ये रॅपच्या विभागात, तर दुसऱ्याला २००७ मध्ये लोकप्रिय संगीताच्या विभागात. म्हणजे एका बाजूस समीक्षक आणि दुसऱ्या बाजूस श्रोते व समव्यवसायी, असा हा सामना झाला. पाचामुखी परमेश्वर म्हणणाऱ्यांनी येथेच निकाल देऊन टाकला असता. आम्ही तसे करणार नाही. पाच मुखे एकच गोष्ट बोलू लागली म्हणजे ती गोष्ट सर्वांना हवी आहे एवढेच सिद्ध होते. ती चांगली आहे हे वेगळे सिद्ध करावे लागते.

तथापि समीक्षकांच्या पहिल्या दोन कलमांत इतिहासाचे विस्मरण आहे, हे नमूद केले पाहिजे. मेजवानीसाठी रचलेले रॅप म्हणजे रॅपचा अधःपात, असे गृहीत धरून ही टीका चालते. पण रॅपचा जन्मच मेजवानीत झाला. ११ ऑगस्ट १९७३ रोजी न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागातील सेजविक ॲव्हेन्यूवरील १५२० क्रमांकाच्या इमारतीत, तळघराजवळच्या सामायिक खोलीत एक नाचाची मेजवानी झाली. जमैकाहून आलेल्या क्लाइव्ह कॅम्पबेल ऊर्फ कूल हर्क या तरुणाच्या बहिणीने ती योजिली होती. शाळा सुरू होण्यापूर्वी नवे कपडे घ्यावयास चार पैसे जमावेत, एवढाच तिचा हेतू. हर्कने पाहिले, की तबकडीवरील गाण्यात गायक थांबतो आणि केवळ तालवाद्ये वाजतात त्या मोजक्या क्षणी नाचणारे बेभान होतात. दोन यंत्रांवर दोन सारख्या तबकड्या लावून त्याने तेवढाच तुकडा पुन्हा पुन्हा वाजविण्याची युक्ती काढली. त्या लांबविलेल्या ठेक्यावर कोणी ललकारी दिली, कोणी यमके जुळविली, आणि त्यातून ही कला वाढली. समाजस्थितीवर भेदक बोट ठेवणारे ‘द मेसेज’ हे प्रसिद्ध गीत १९८२ चे. म्हणजे त्या मेजवानीनंतर नऊ वर्षांचे. नाच आधी आला, उपदेश मागून आला. तेव्हा नाचाकडे वळणे म्हणजे मूळ सोडणे नव्हे. एका अर्थी ते मुळाकडेच परतणे होय. इतकेच नव्हे, दुसऱ्याच्या तबकडीतील तुकडा उचलणे हेही या कलेचे बाळकडू आहे. त्याला सरसकट उचलेगिरी म्हणणे म्हणजे कीर्तनकारास तू अभंग दुसऱ्याचे का म्हणतोस असे विचारण्यासारखे आहे.

शब्द पोकळ असल्याच्या आक्षेपासंबंधीही थोडा विवेक हवा. आपल्याकडे चवथीच्या दिवसांत अंगणात फुगड्या रंगतात. त्या फुगड्यांच्या गाण्यांत अर्थगौरव शोधीत बसणारा माणूस शहाणा म्हणावा काय? त्या गाण्यांत थट्टा असते, सासरमाहेरचे टोमणे असतात, कधी तर केवळ नादासाठी आलेली अक्षरे असतात. त्यांचे काम श्वास आणि पाऊल एका लयीत बांधण्याचे. आणि ते काम ती चोख बजावितात. आपल्या ख्रिस्ती बांधवांच्या मांडोत विरहाची हुरहुर संथपणे गायिली जाते; आणि मांडो संपला की चाल चढवून दुलपद येते, त्यात गावातल्या चार माणसांच्या गमतीजमती असतात. मांडोच्या मापाने दुलपद मोजणारा दोहोंनाही मुकतो. प्रत्येक वस्तूची परीक्षा ती ज्या कामासाठी घडविली आहे त्या कामावरून करावी, हा साधा न्याय आहे. नाचाच्या गाण्याने माणसास नाचविले नाही, तर ते फसले. नाचविले, तर निदान अर्धी परीक्षा ते उतरले.

हा न्याय विसरल्याने काय होते, याचा अनुभव आपल्या देशाने घेतला आहे. १९५२ साली डॉ. बा. वि. केसकर केंद्र सरकारात माहिती व नभोवाणी खात्याचे मंत्री झाले. शास्त्रीय संगीतावर त्यांचे खरेखुरे प्रेम होते. त्यांच्या काळात आकाशवाणीवर त्या संगीताची जी जोपासना झाली तिचे ऋण नाकारता येणार नाही. परंतु चित्रपटगीते ही पाश्चात्य चालींची उथळ भेसळ आहे असे त्यांचे ठाम मत होते, आणि त्यांच्या धोरणामुळे ती गीते आकाशवाणीवरून जवळजवळ हद्दपार झाली. परिणाम काय झाला? श्रोत्यांनी अभिरुची बदलली नाही, केंद्र बदलले. देशभर लोक रेडिओ सिलोन लावू लागले, आणि त्याच १९५२ साली सुरू झालेला ‘बिनाका गीतमाला’ हा अमीन सयानी यांचा कार्यक्रम घरोघरी पोचला. अखेर ३ ऑक्टोबर १९५७ रोजी ‘विविध भारती’ सुरू करून सरकारला श्रोत्यांच्या मागे जावे लागले. ज्या भेसळीवर तेव्हा बोटे मोडली गेली, तिच्यातील कितीतरी गाणी आज सोज्ज्वळ भूतकाळाची ठेव म्हणून आपण ऐकतो. अभिरुचीला वळण लावता येते. तिला कुंपण घालता येत नाही.

येथवर आम्ही श्रोत्यांची बाजू मांडली. आता उलट बाजू. नाचविले म्हणजे अर्धी परीक्षा उतरली, असे वर म्हटले. उरलेल्या अर्ध्या परीक्षेचे काय? ‘माय हम्प्स’ हे गीत घ्या. त्यात एक स्त्री आपल्या देहाची जाहिरात करिते आणि त्या बळावर पुरुषांकडून मिळणाऱ्या मौल्यवान वस्तूंची यादी वाचते. ठेका जोरकस आहे, तो चालू असताना शब्दांकडे लक्ष जात नाही. १ एप्रिल २००७ रोजी कॅनडाची गायिका अलानिस मॉरिसेट हिने याच गीताचे विडंबन प्रसिद्ध केले. तिने एकही शब्द न बदलता ते पियानोच्या साथीवर, संथ, विलापाच्या चालीत गायिले. ठेक्याचा पडदा बाजूला होताच आतील दारिद्र्य उघडे पडले. ऐकणारा हसला आणि मग ओशाळला. शंभर परीक्षणांना जे साधले नसते ते एका गायिकेने गाऊन साधले. नाचताना शब्द कोण ऐकतो, हा बचाव त्या दिवसापासून लंगडा पडला. कारण नाचताना न ऐकलेले शब्दही तोंडपाठ होतात. कोवळ्या वयाची मुले ते गुणगुणतात, आणि पाठ झालेल्या शब्दांतून स्त्रीकडे पाहण्याची एक दृष्टी नकळत रुजते. फुगडीच्या गाण्यातही थट्टा असते, पण तेथे स्त्रिया आपसांत थट्टा करितात. बाजार मांडीत नाहीत.

श्रोता म्हणजे डोके नसलेला जमाव, हा समजही याच ध्वनिमुद्रिकेने खोटा पाडला. ॲलन पिनेडा याने तिच्यात ‘बेबोत’ नावाचे गीत आपल्या टागालोग भाषेत गायिले. जगभर खपणाऱ्या अमेरिकी ध्वनिमुद्रिकेत, नाचाच्या ऐन धुमाळीत, एक संपूर्ण गीत फिलिपिन्सच्या भाषेत! परदेशी राबणाऱ्या फिलिपिनो कुटुंबांना आपली बोली त्या गर्दीत ऐकून काय वाटले असेल, हे ज्यांची मुले आखातात, बोटीवर किंवा लिस्बन-लंडनमध्ये आहेत त्या गोमंतकीयांना वेगळे सांगावयास नको. आणि तरीही, २००६ मध्ये त्या गीताची चित्रफीत निघाली तेव्हा तिच्यातील स्त्रियांच्या चित्रणावर अमेरिकेतील फिलिपिनो प्राध्यापक व कार्यकर्त्यांनीच खुले पत्र लिहून आक्षेप घेतला. आपले म्हणून कवटाळणे आणि आपले म्हणूनच कान पिळणे, दोन्ही एकाच समाजाने केले. आम्हांस वाटते, खरा रसिक असा असतो. समीक्षक वरून बोलतात आणि चाहते खालून ओरडतात. परंतु आपलेपणाने बोललेला आक्षेप या दोहोंहून मोलाचा असतो.

आता तिसरे कलम: उसनवारीचे. आणि येथे आमच्या मते समीक्षक व श्रोते दोघेही चुकले. कारण दोघांनीही चुकीचा प्रश्न विचारला. समीक्षकांनी विचारले, उसने का घेतले? श्रोत्यांनी म्हटले, घेतले तर बिघडले कोठे? कोणाचे घेतले आणि त्याला काय दिले, हा प्रश्न फारच थोड्यांनी विचारला. ‘डोन्ट फंक विथ माय हार्ट’ हे गीत ज्या दोन हिंदी गीतांवर उभे आहे ती म्हणजे ‘अपराध’ (१९७२) मधील ‘ऐ नौजवाँ’ आणि ‘डॉन’ (१९७८) मधील ‘ये मेरा दिल’. दोहोंचे संगीतकार कल्याणजी-आनंदजी. दोन्ही गीते गायिली आशा भोसले यांनी. ज्यांच्या वडिलांचा, मास्टर दीनानाथांचा, जन्म आमच्या मंगेशीचा, त्या घराण्यातील हा स्वर. अमेरिकेत मात्र बहुतेकांनी ‘बॉलिवूडचा तुकडा’ एवढ्या दोन शब्दांत त्याची बोळवण केली. जणू तो तुकडा रस्त्यावर पडलेला होता!

न्यायाने सांगावयास हवे, की या संचाने मूळ संगीतकारांची नावे गीतकर्त्यांत घातली. कल्याणजी २००० सालीच निवर्तले होते. पण नावाने का होईना, ते त्या गीतात राहिले. हा प्रामाणिकपणा त्या व्यवसायात सहज उगवलेला नव्हे. त्याच्या तीनच वर्षे आधी, २००२ मध्ये, ‘ट्रूथ हर्ट्स’ या गायिकेच्या ‘ॲडिक्टिव्ह’ या गीतात ‘ज्योती’ (१९८१) चित्रपटातील ‘थोडा रेशम लगता है’ या गाण्याचा मोठा भाग अनुमतीवाचून वापरण्यात आला होता. संगीत बप्पी लाहिरी यांचे, आवाज लता मंगेशकर यांचा. गीत अमेरिकेच्या यादीत पहिल्या दहांत गेले. लाहिरी न्यायालयात गेले, आणि फेब्रुवारी २००३ मध्ये लॉस एंजेलिसच्या संघीय न्यायालयाने त्यांचे नाव घातल्याखेरीज त्या ध्वनिमुद्रिकेची विक्री करण्यास मनाई केली. म्हणजे तीन वर्षांच्या अंतराने मंगेशकर भगिनींपैकी दोघींची गाणी अमेरिकेच्या नाचगृहांत पोचली. एकीचे श्रेय न्यायालयातून ओढून आणावे लागले, दुसरीच्या वेळी ते आरंभापासून छापले गेले. कज्ज्याचा धाक गुणकारी असतो, तो असा.

परंतु श्रेयाची ही गोष्ट येथेही पुरी होत नाही. ‘मंकी बिझनेस’मध्ये जेम्स ब्राऊन ज्या गीतात गायला त्याच्या शीर्षकाचा अर्थ ‘त्यांना संगीत नको आहे’ असा आहे. समीक्षकांचा आक्षेप कर्त्यांनी आधीच आपल्या तोंडून बोलून ठेवावा, ही गंमतच. पण त्याहून मोठी एक विसंगती तेथे दडलेली आहे. जेम्स ब्राऊन याच्या १९७० सालच्या ‘फंकी ड्रमर’ या गीतात क्लाइड स्टबलफील्ड याने वाजविलेला ढोलांचा तुकडा पुढे शेकडो रॅप गीतांनी उचलला. रॅपच्या इतिहासात इतका वापरला गेलेला ठेका विरळा. मात्र गीतकर्ता म्हणून स्टबलफील्डचे नाव नव्हते, म्हणून त्या वापराचा मोबदला त्याला जवळजवळ मिळालाच नाही. २०१७ मध्ये तो वारला. ज्याच्या हातावर अर्धे जग नाचले, त्याचे नाव त्या नाचणाऱ्यांना ठाऊक नव्हते.

हे वाचताना गोमंतकीय वाचकाच्या मनात काही नावे उभी राहिली असतील. मुंबईच्या चित्रपटसृष्टीला पाश्चात्य पद्धतीचा वाद्यवृंद लाभला तो मुख्यत्वे आमच्या गावांतून गेलेल्या माणसांमुळे. चर्चला जोडलेल्या शाळांत स्वरलिपी वाचावयास आणि व्हायोलिन धरावयास शिकलेली ती पोरे पोटासाठी मुंबईस गेली. मजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस यांच्या हाताखाली प्यारेलाल व्हायोलिन शिकले. शंकर-जयकिशन यांच्या वाद्यवृंदाच्या रचनेमागे सेबास्तियन डिसोझा होते. सी. रामचंद्र यांच्या नाचऱ्या गाण्यांना, १९५१ च्या ‘अलबेला’पर्यंत, चिक चॉकलेट या हळदोण्याच्या ट्रम्पेटवादकाची साथ होती. पडद्यावर संगीतकाराचे नाव झळके. वाद्यवृंद लिहिणाऱ्याचे नाव आले तर सहायक म्हणून, आणि वाजविणाऱ्याचे बहुधा कोठेच नाही. तबकडीच्या वेष्टनावर वादकांची नावे छापण्याची रीत नव्हती. ‘डॉन’च्या काळातील ती वाद्ये आज जगाच्या कोणत्याही टोकाला वाजतील, पण ती वाजविणारे हात अनामच राहतील. २०१२ मध्ये आपल्या प्रतिलिपी अधिकाराच्या कायद्यात दुरुस्ती झाली. गीतकार आणि संगीतकार यांचा स्वामित्वधनातील वाटा त्यांच्याकडून कराराने काढून घेता येणार नाही अशी तरतूद आली, गायकांच्या हक्कासही बळ मिळाले. ते योग्यच झाले. मात्र दिवसाची बिदागी घेऊन वाजविणाऱ्या आणि वाजवून घरी जाणाऱ्या वादकाचे नाव कोणत्याही कायद्याने परत येणार नाही. ते आपण नोंदविले तरच राहील.

एक मुद्दा उरतो, आणि किनाऱ्यावरील गावांना तो जिव्हाळ्याचा आहे. नाचाच्या गाण्याला आणखी एक श्रोता असतो: ज्याला ते ऐकावयाचे नाही तो. उशाला आजारी माणूस, समोर परीक्षेला बसलेली मुलगी आणि खिडकीतून येणारा ठोका, हा अनुभव हणजुण-वागातोरच्या बाजूच्या वाचकांस नवा नाही. ‘मंकी बिझनेस’ निघाली त्याच २००५ सालच्या १८ जुलैला सर्वोच्च न्यायालयाने ध्वनिप्रदूषणाविषयीचा आपला प्रसिद्ध निवाडा दिला. दुसऱ्याच्या कानावर आवाज लादण्याचा हक्क कोणासही नाही, असे त्याचे तात्पर्य. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपकास मनाई, हा नियम २००० सालापासून आहेच. या नियमाची थोरवी अशी, की काय वाजते हे तो विचारीत नाही. किती मोठ्याने आणि किती वाजता, एवढेच विचारतो. आपल्या वादांत नेमके उलट होते. आवाजाची तक्रार करताना आम्ही संस्कृतीवर घसरतो, आणि मग समोरचा अभिरुचीच्या स्वातंत्र्याची ढाल पुढे करितो. मूळ तक्रार बाजूस राहते. मध्यरात्रीनंतर कर्ण्यावरून लादलेले भजनही उपद्रवच आहे, हे मान्य करण्याचे धैर्य ज्याच्यापाशी असेल त्यालाच नाचगृहाच्या आवाजाविरुद्ध बोलण्याचा नैतिक अधिकार पोचतो.

तात्पर्य असे, की ‘मंकी बिझनेस’च्या वादात समीक्षकांनी शब्दांचे दारिद्र्य ओळखले, पण नाचाचे मोल ओळखले नाही, श्रोत्यांनी नाचाचे मोल ओळखले, पण शब्दांचे दायित्व झटकले. या संचाचा मार्ग टीकेने बदलला नाही. २००९ च्या त्यांच्या ‘द एंड’ या ध्वनिमुद्रिकेतील दोन गीते पाठोपाठ मिळून सव्वीस आठवडे अमेरिकेच्या यादीत अग्रस्थानी राहिली, आणि त्या ध्वनिमुद्रिकेलाही पारितोषिक लाभले. तेव्हा समीक्षेने बाजार थांबतो, या भ्रमात राहण्याचे कारण नाही. समीक्षेचे काम बाजार थांबविणे हे नव्हेच. ऐकणाऱ्यास अधिक ऐकू यावे, एवढे तिने करावे: ठेक्याखालचा शब्द ऐकू यावा, आणि शब्दाखाली दबलेले नाव ऐकू यावे.

त्या नावांविषयी आपल्याला येथे, आजच, काही करता येण्याजोगे आहे. मुंबईच्या वाद्यवृंदांत वाजविलेल्या गोमंतकीय वादकांची पिढी झपाट्याने विरळ होत आहे. त्यांच्या घरी जुन्या स्वरलिपींच्या वह्या आहेत, छायाचित्रे आहेत, कोणत्या गाण्यात कोणी काय वाजविले याच्या आठवणी आहेत. काही अभ्यासकांनी या विषयावर चांगले काम केले आहे. परंतु ते व्यक्तींचे श्रम आहेत, संस्थेची जबाबदारी नव्हे. पाश्चात्य संगीताचे शिक्षण देणाऱ्या कला अकादमीने आणि राज्याच्या कला व संस्कृती संचालनालयाने मिळून गीतवार, वाद्यवार नोंद करण्याचे काम अंगावर घ्यावे. गावोगावचे क्लब, चर्चचे गायनवृंद आणि मुंबईतील आमची कूड यांना हाताशी धरावे. खर्च फार नाही. वेळ मात्र थोडा आहे. पुढल्या वेळी कोणा परदेशी संचाने आपल्या गाण्याचा तुकडा उचलला, तर तो वाजविणारा कोण होता हे सांगणारी एक वही तरी पणजीत असावी.